आठ एमएमचा रोप आणि माझी न धरणारी गाठ

मागच्या जानेवारीतला रविवार. मुंब्र्याच्या कातळावर सकाळी साडेआठ वाजता मी जमिनीपासून दहा-एक फुटांवर रोपला लटकले होते आणि खाली उभ्या असलेल्या ग्रुपमधल्या एका मुलाला ओरडून सांगत होते की बघ, आता हात सोडते, बॅकअप धरेल. बॅकअप म्हणजे हात सुटला तरी रोपला आवळून धरणारी गाठ. हात सोडले आणि बॅकअपने धरलंच नाही. धाडकन पडले वगैरे काही नाही, मॉलच्या सरकत्या जिन्यावर उभं राहिल्यासारखी मी सावकाश खाली जायला लागले, आधी सावकाश मग जरा जास्तच जोरात, तेवढ्यात खालच्या पोराने रोप ताणून धरला म्हणून थांबले. तीन-साडेतीन फूट गेले असेन. खाली सगळे हसले, मीही हसले, पण पोटात गोळा आला होता तो दुपारी घरी येऊन जेवेपर्यंत काही गेला नाही.

आमचे काका (नात्याने कोणाचेच नाहीत, ग्रुपमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणतात, तीस वर्षं सुळके चढतायत) वरून म्हणाले, "गाठ चुकली असेल गं तुझी, परत बांध." परत बांधली. रोपभोवती कॉर्डचे, म्हणजे बारीक दोरीचे, चार वेढे, नीट एकाशेजारी एक, कुठला कुठल्यावर चढलेला नाही, कॅरॅबिनर (झडपेची धातूची कडी) लॉक. परत तेच. मग काका स्वतः आले, माझाच रोप, माझीच कॉर्ड, माझ्यासमोर चार वेढे घातले, थोडं उतरले आणि हात सोडले. भिंतीत खिळा ठोकावा तसे थांबले. "बघ. धरते की."

काकांचं वजन ८८ किलो. माझं ४९. सगळा घोळ इथेच होता पण ते कळायला मला पुढे तीन आठवडे आणि बरीच कॉर्ड लागली.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॅपल करताना, म्हणजे रोपवरून कडा उतरताना, आपण डिसेंडर नावाच्या ब्रेकमधून रोप सोडत सोडत खाली येतो आणि ब्रेकचा हात डिसेंडरच्या खाली असतो. तो हात सुटला की संपलं, दगड डोक्यात पडला, मधमाशी चावली, चक्कर आली, काहीही होऊ शकतं. म्हणून ब्रेकचा हात असतो तिथेच रोपभोवती बारीक कॉर्डच्या लूपचे वेढे घालून तो लूप हार्नेसला (कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्याला) अडकवतात. हातात धरून खाली सरकवत राहिलं तर सरकतो, हात सोडला की आवळतो आणि धरतो. यातल्या ज्या गाठीला आम्ही ऑटोब्लॉक म्हणतो ती सगळ्यात सौम्य, वजन असतानाही सुटते. तिची मोठी बहीण प्रुसिक, ती कडक, एकदा बसली की दातओठ खाऊन सोडवावी लागते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ साली लोकांसमोर आणली, म्हणजे तेव्हा नायलॉनसुद्धा जन्माला यायचा होता, तो १९३५ चा. तेव्हाचे रोप ताग-अंबाडीच्या जातीचे, खरखरीत आणि जाडजूड. आपण आज तीच गाठ गुळगुळीत नायलॉनवर वापरतो आणि वर रोप दरवर्षी बारीक करत जातो, मग ती कुरकुरणारच.

आता हा बारीक रोप आला कुठून. आमचा जुना स्टॅटिक (फारसा न ताणणारा) रोप १०.५ एमएमचा, ६० मीटर, चार किलोच्या आसपास, भिजला की आणखी जड. लोकलने जाणाऱ्या माणसाला हे चार किलो फार छळतात, संध्याकाळी आसनगावहून परत येताना दारात ती सॅक पायात घेऊन उभं राहून बघा एकदा. मग आम्ही तिघांनी पैसे काढून ८ एमएमचा ६० मीटर घेतला, अडीच किलोच्या जवळपास. सॅकमध्ये टाकला तर कळतसुद्धा नाही. माझा आनंद गगनात मावेना.

घरी येऊन लेबल नीट वाचलं तेव्हा पहिला धक्का बसला. स्टॅटिक रोपचं जे युरोपियन स्टँडर्ड आहे, ईएन १८९१, ते ८.५ एमएमपासून १६ एमएमपर्यंतच्या रोपला लागतं. ८ एमएम त्यात बसतच नाही. आमच्या लेबलवर होतं ईएन ५६४, म्हणजे ऍक्सेसरी कॉर्डचं स्टँडर्ड, ४ ते ८ एमएम. म्हणजे नियमाप्रमाणे आमचा नवाकोरा रोप हा रोपच नव्हे, ती जाडी कॉर्ड. वापरू नये असं नाही, फक्त उतरायला, कडेला नीट पॅडिंग टाकून, जाणत्या माणसाच्या हातात लोक असे रोप वापरतात. पण लीड (सगळ्यात पुढे, वरून रोप नसताना) चढायला अजिबात नाही आणि जुन्या रोपच्या सवयी जशाच्या तशा याला लावायच्या नाहीत. ही शेवटची अक्कल मला मुंब्र्यानंतर आली.

माझी कॉर्ड होती ६ एमएमची. कुठेही वाचा, रोपच्या व्यासाच्या ६० ते ८० टक्के जाडीची कॉर्ड घ्या असं सांगतात. ८ च्या रोपला ६ म्हणजे ७५ टक्के. नियमात बसते. जुन्या साडेदहाच्या रोपवर हीच ६ ची कॉर्ड ५७ टक्के होते, उलट जरा कमीच, आणि तिथे ती वर्षानुवर्षं झकास धरत होती. मग मी दोन दिवस हेच धरून बसले की नियमात बसतंय म्हणजे चूक माझीच, आणि रोज रात्री पलंगाच्या पायाला रोप बांधून ऑटोब्लॉक बांधायची प्रॅक्टिस. आई विचारते हे काय चाललंय, मी म्हणते काही नाही, आई म्हणते तुझ्या वयाच्या मुली. असो.

मग एका रात्री सहज म्हणून त्या कॉर्डला दोन बोटांत दुमडलं. नवी मऊ कॉर्ड अशी चिमटीत दुमडली की आतली फट जवळजवळ मिटते, फार तर कॉर्डच्या जाडीएवढी राहते. माझ्या कॉर्डमध्ये करंगळीचं टोक आरामात जात होतं. वेताच्या छडीसारखी झाली होती ती. चार पावसाळे धबधब्यात भिजलेली, चिखलाची, नीट न धुतलेली, नायलॉन भिजून वाळून आटतो आणि कडक होतो ते वेगळंच. आणि ट्यूबलाइटखाली धरून फिरवली तर एका ठिकाणी तीन बोटं रुंदीचा पट्टा चकाकत होता, नखाने खरवडला तर प्लास्टिकसारखा टकटक वाजला. कधीतरी कोणीतरी जोरात उतरलंय आणि घर्षणाने कॉर्डचा वरचा थर वितळून परत गोठलाय. नायलॉन सव्वादोनशे-अडीचशे डिग्रीला वितळतो, ऐकायला खूप वाटतं पण रोपवर कॉर्ड एकाच जागी घासत गेली की वरच्या धाग्यांना तेवढं तापायला फार वेळ लागत नाही. आणि नेमका हा चकाकणारा पट्टा वेढ्यांत येत होता. साडेदहाच्या रोपवर वेढा मोठा पडतो म्हणून कडक कॉर्डही बसून जायची, आठच्या बारीक रोपला तिला तेवढं घट्ट वळताच येत नव्हतं. नुसत्या टक्केवारीत हे कुठे दिसणार?

ठरवलं, नवी कॉर्ड घ्यायची, ५ एमएम.

शनिवारी जांभळी नाक्याला गेले. तिथे दोरीची दुकानं आहेत, सुतळीपासून जहाजाच्या दोरखंडापर्यंत काहीही मिळतं. एका दुकानात पाच एमएमची झकास निळी-पांढरी विणलेली दोरी दिसली, मऊ, हाताला लोण्यासारखी, आणि मीटरला वडापावच्या भावात. विचारलं नायलॉन आहे ना. "एक नंबर नायलॉन मॅडम, ट्रक ओढा." मी दोन मीटर घेतली. घरी येऊन बादलीत तुकडा टाकला. तरंगला. नायलॉन पाण्यापेक्षा जड, बुडतो. तरंगते ती पॉलिप्रॉपिलीन, ताडपत्री बांधायची दोरी, १६० डिग्रीच्या आसपासच वितळते आणि तिच्यावर ना कुठलं लेबल ना ताकदीचा आकडा. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याच्या मते दोरी म्हणजे नायलॉन. पण बादलीची ही टेस्ट लक्षात ठेवा, तरंगली तर विषयच संपला, बुडाली तर मात्र तेवढ्यावर पास करू नका, पॉलिएस्टरपण बुडतं आणि लेबल नसलेली कुठलीच दोरी जिवाला बांधायची नसते.

शेवटी ऑनलाइन मागवली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ५ एमएम, दोन्हीवर ईएन ५६४, आणि हौस म्हणून थोडी ४ एमएम. त्या स्टँडर्डचा आकडा काढायची एक सोपी युक्ती आहे, व्यासाचा वर्ग करायचा आणि पाचाने भागायचं, आली किलोन्यूटनमधली कमीत कमी ताकद. ४ ची ३.२, ५ ची ५, ६ ची ७.२, ८ ची १२.८. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळ शंभर किलो. ५ एमएमचा लूप केला की दोन पदर, १० किलोन्यूटन, त्यातून गाठीमुळे तीस-चाळीस टक्के गेले तरी सहा उरतात, सहाशे किलो. बॅकअपला तर माणसाचं पूर्ण वजनही येत नाही कारण बरंचसं डिसेंडर खातो. म्हणजे ताकदीसाठी ६ हवीच असं काही नाही. काका हे ऐकून म्हणाले, "बारीक कॉर्डवर मी लटकणार नाही, मनाला पटत नाही." मी म्हटलं काका तुम्ही बारीक रोपवर लटकता ते पटतं का. त्यावर ते चहा प्यायला गेले.

आणखी एक चीज ग्रुपमधल्या एकाकडून उसनी आणली, अरामिडचा शिवलेला पोकळ लूप. केव्हलार, टेक्नोरा म्हणतात त्या जातीचा धागा. तो वितळत नाही, पाचशे डिग्रीला वगैरे जळून कोळसा होतो, आणि आत गाभा नसल्यामुळे रोपवर फितीसारखा चपटा बसतो. पण एका लूपच्या पैशात दहा-पंधरा मीटर नायलॉन कॉर्ड येते आणि या धाग्याला सारखं सारखं वाकणं आणि ऊन दोन्ही मानवत नाही. डायनिमाच्या कॉर्डबद्दलही एकाने सुचवलं, ते मी तिथल्या तिथे खोडलं, अतिशय गुळगुळीत आणि १४५ डिग्रीच्या आसपास वितळणारी वस्तू घासून धरणाऱ्या गाठीला कशाला.

टेस्ट आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. वर्तकनगरची जुनी चार मजली बिल्डिंग, पाण्याच्या टाकीखाली काँक्रीटचा बीम आहे, त्याला जुनी जीन्स गुंडाळून वर रोपचा अँकर केला, शेजारी जुन्या साडेदहाचा दुसरा रोप वेगळ्या बीमवरून, त्यावर भावाने मला बिले द्यायचं, म्हणजे पडले तर त्या रोपने धरायचं. खाली दोन गाद्या. पाय जमिनीपासून फूट-दीड फुटावर, स्टूलवरून लटकायचं आणि स्टूल बाजूला. सेक्रेटरी वर आले, बघून म्हणाले, "आत्महत्येची प्रॅक्टिस करताय का?" त्यांना पंधरा मिनिटं प्रुसिक समजावला, शेवटी त्यांनीच स्टूल धरलं. कालनिर्णयच्या फेब्रुवारीच्या पानामागे मी निकाल लिहीत गेले.

आधी जुनी ६ एमएम, चार वेढे, आठच्या एका पदरावर. नुसत्या गाठीवर बसले, म्हणजे डिसेंडर नाहीच, पूर्ण ४९ किलो थेट गाठीवर. धरलं! मी चाट पडले. म्हणजे काका बरोबर? मग तीच गाठ डिसेंडरखाली लावली, जशी खऱ्या रॅपलला असते तशी, आणि हात सोडला. सरकले. परत थेट गाठीवर, धरलं. परत डिसेंडरखाली, सरकले. सहा वेळा केलं, सहाही वेळा हेच.

तिथे गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली मला ट्यूब पेटली. डिसेंडर वजन खातो. खाली गाठीपर्यंत पोचतो तो उरलासुरला ओढा, माझ्यासारख्या हलक्या बाईचा तर अगदीच किरकोळ, हाताने धरतो तेवढा. मऊ कॉर्डला आवळायला तेवढा ओढा पुरतो. कडक कॉर्डला आधी स्वतःचा ताठपणा मोडायलाच जास्त ओढा लागतो, तो मिळेपर्यंत ती सैल राहते आणि एकदा सरकायला लागली की गुळगुळीत पट्ट्यावरून सरकतच जाते. काकांच्या ८८ किलोत तो ताठपणा मोडायचा, माझ्या ४९ मध्ये नाही. म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात जड माणूस बॅकअप तपासून "धरतेय" म्हणत होता आणि सगळ्यात हलकी माणसं त्यावर विश्वास ठेवून उतरत होती, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोरी पण होत्या. हे लिहितानाही जरा कसंतरी होतंय.

भावालाही लटकवला, तो ७४ किलो. जुन्या ६ वर तो वीतभर सरकला आणि थांबला. माझ्या आणि काकांच्या मधोमध.

मग वेढे वाढवले. जुन्या ६ चे सहा वेढे घातल्यावर मलाही धरलं, पण आता हाताने खाली सरकेचना, एक हात वेढ्यांवर दाबून दुसऱ्याने रोप वर ढकलायचा, बैलगाडीसारखे गचके. असं चाळीस मीटर उतरायचं म्हणजे खांदा गेला. आणि रोप दुहेरी केला, म्हणजे आठचे दोन पदर एकत्र, तर तीच जुनी ६, चार वेढ्यांत अगदी शहाण्यासारखी वागली. साहजिक आहे, दोन पदर मिळून जाडी वाढते आणि घासायला जागाही जास्त. आम्ही आत्तापर्यंत बहुतेक वेळा दुहेरी रोपवरच उतरत होतो म्हणून हे कधी उघड झालं नव्हतं, मुंब्र्याला त्या दिवशी एकेरी लावला होता.

नवी ५ एमएम, पहिली कंपनी. ही जरा ताठ, चिमटीत दुमडली तर फट कॉर्डपेक्षा थोडी जास्त. पाच वेढे, वीतभर सरकून धरते. दुसऱ्या कंपनीची ५ एमएम मऊ, बुटाच्या लेससारखी लोळते. चार वेढ्यांत दोन-तीन बोटं सरकून धरलं, पाच वेढ्यांत हात सोडल्या सोडल्या. आणि हाताने सरकवताना कुरकुर नाही. दोन्ही कॉर्ड पाच एमएमच, दोन्हीवर लेबल तेच, ताकद तीच, आणि वागणं इतकं वेगळं. दुकानात किंवा वेबसाइटवर हा मऊपणा कुठेच लिहिलेला नसतो, हातात घेऊनच कळतं, म्हणून आधी दोन-दोन मीटरच मागवली ते बरं केलं.

४ एमएम तर जळवेसारखी चिकटली. तीन वेढ्यांत धरलं आणि मग सोडेना. सेक्रेटरींनी मला खालून उचलून धरलं तेव्हा गाठ सैल झाली. हे कड्यावर कोण करणार? शिवाय एवढी बारीक कॉर्ड घासून झिजली तर उरणार काय, आणि चकाकी यायलाही वेळ लागणार नाही. ४ बाद. अरामिडचा लूप छान चालला, पाच वेढ्यांत पटकन धरलं, सुटलाही पटकन, खोटं कशाला बोलू, सगळ्यात चांगला तोच वाटला. पण ग्रुपला आठ लूप लागतात, दर दोन वर्षांनी बदलायचे, आमच्या खिशाला ते झेपणारं नाही. परत केला.

मग ओली टेस्ट, कारण आमचं निम्मं रॅपलिंग पावसाळ्यात होतं. दोन बादल्या पाणी रोपवर, कॉर्डवर आणि थोडं भावावर. मऊ ५, पाच वेढे, हात सोडल्या सोडल्या नाही, चार-पाच बोटं सरकून धरलं. कोरडी असताना चार वेढे चालले म्हणून ओल्यातही चालतील असं समजू नये, ओली असताना चार वेढ्यांनी मला एकदा चक्क गादीवर नेऊन बसवलं.

आता लांबी, यात माझा दीड मीटर वाया गेला. पहिला लूप मी सवयीने दीड मीटरचा कापला. डबल फिशरमन गाठ बांधली, लूप पसरून धरला तर पन्नास सेंटिमीटरच्या वर. तो लेग लूपला (हार्नेसच्या मांडीवरच्या पट्ट्याला) लावला आणि गंमत म्हणून लटकल्या लटकल्या गुडघा वर घेतला, जसा आपण कड्याच्या ओठावर घेतो, तर वेढे वर जाऊन थेट डिसेंडरला टेकले. हे फार वाईट. टेकले की डिसेंडर वेढ्यांना ढकलत राहतो, आवळूच देत नाही, बॅकअप आहे आणि नाही. तर दोन गोष्टी केल्या. डिसेंडर हार्नेसपासून एका ६० सेंटिमीटरच्या स्लिंगने (शिवलेल्या पट्टीच्या फासाने) लांब नेला, छातीसमोर येईल असा, आणि बॅकअप लेग लूपवरून काढून बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या मधल्या फासाला) आणला. आणि लूप छोटा केला, १ मीटर २० सेंटिमीटर कापली, गाठीत आणि शेपटांत जातं ते जाऊन हातात उरतो ३८-३९ सेंटिमीटरचा लूप. आठच्या एका पदरावर पाच वेढे घालून दोन्ही टोकं कॅरॅबिनरमध्ये बरोबर येतात आणि वेढे डिसेंडरपासून वीतभर खालीच राहतात. हे माप माझ्या स्लिंगचं आणि माझ्या डिसेंडरचं, तुमचं थोडं इकडेतिकडे होईल, हाताने लावून बघा.

गाठीची शेपटं निदान पाच-सहा सेंटिमीटर ठेवली आणि प्रत्येक लूपवर एकदा पूर्ण वजनाने उड्या मारून गाठ बसवली. कॉर्डची टोकं गॅसवर जाळली, आईने वास येतोय म्हणून दोन दिवस ऐकवलं, तिचं बरोबर होतं, ते गच्चीत करायला हवं होतं. आणि बारीक रोपवर डिसेंडरही जोरात पळतो हे गच्चीवरच लक्षात आलं, आता आठच्या एकेरी रोपवर मी एटीसीत (हाच माझा डिसेंडर) दोन कॅरॅबिनर लावते, घर्षण वाढतं आणि बॅकअपचं कामही सोपं होतं. ही गोष्ट खरं तर कॉर्डच्या आधी यायला हवी होती.

फेब्रुवारीच्या शेवटी परत मुंब्रा. तोच कातळ, आठचा तोच रोप, एकेरी, मऊ ५, पाच वेढे, डिसेंडर लांब, खाली तोच मुलगा रोप धरून. दहा फुटांवर आले, हात सोडले. थांबले. जागच्या जागी. थोडी हलले, लाथा मारल्या, गोल फिरले. थांबलेलीच. मग गाठ हाताने दाबून परत खाली, विनाकटकट.

काका बघत होते. म्हणाले, "दे इकडे." त्यांनी पाच वेढे घातले आणि अर्ध्यात अडकले. ८८ किलोला पाच वेढे जास्त होत होते, गाठ आवळून बसायची, दर दोन फुटांना थांबून ढकलायला लागायचं, वरून ओरडतायत, "अगं हे चालतच नाही!" मी खालून, "काका, एक वेढा कमी करा." चार वेढ्यांत त्यांचं मस्त चाललं. खाली येऊन काही बोलले नाहीत, पाणी प्यायले, आणि मग त्यांनी सॅकमधून स्वतःची ६ ची कॉर्ड काढली, दोन बोटांत दुमडली आणि त्या फटीतून माझ्याकडे बघितलं.

मग मऊ ५ ची दहा मीटर मागवली, आठ लूप झाले आणि वर हातभर तुकडा उरला. प्रत्येकाच्या गाठीजवळ कापडी टेपचा तुकडा, त्यावर महिना आणि वर्ष, आणि ज्याचा त्याचा वेढ्यांचा आकडा, काकांच्या टेपवर ४, माझ्या ५, भावाच्या ४. नवीन कोणी आलं की आधी तीन फुटांवर डिसेंडरसकट लटकवून हात सोडायला लावतो, आकडा ठरला की टेपवर लिहायचा आणि मगच वर पाठवायचं. जड माणसाने हलक्याचा बॅकअप तपासायचा नाही, हे आता ठरूनच गेलंय.

ओल्या कातळावर, चिखल लागलेल्या रोपवर पाच पुरतील का सहा लागतील ते मात्र अजून बघायचं आहे, गच्चीवरचं बादलीतलं पाणी स्वच्छ होतं. जुलैत कसाऱ्याजवळ विहीगावला जायचं घाटतंय, तिथे तळाशी आधी ते बघणार.